क्रेडिट कार्डाचा करार सरकारकडे जमा असतो, तो काढून वाचा

ओवी

नमस्कार मंडळी. धागा लांबणार आहे, पण अमेरिकेत राहणाऱ्या आणि पाकिटात कार्ड असलेल्या प्रत्येकाने वाचावा असं मनापासून वाटतं, म्हणून सविस्तर लिहितेय.

गेल्या वर्षी आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं. सांगलीच्या हॉस्पिटलात आगाऊ रक्कम भरायची होती, भावाच्या खात्यात पैसे तातडीने हवे होते. बँक खात्यातून पाठवले तर तीन-चार दिवस लागतील असं अ‍ॅपवर दिसत होतं, म्हणून क्रेडिट कार्ड टाकलं. २,४०० डॉलर. पुढच्या पगाराला पूर्ण बिल भरून टाकायचं, म्हणजे व्याजाचा प्रश्नच नाही, असा माझा हिशोब.

बिल आलं त्यात दोन ओळी अनोळखी होत्या. ‘कॅश अ‍ॅडव्हान्स फी १२०.००’ आणि त्याच्याखाली कॅश अ‍ॅडव्हान्सवरचं २३ दिवसांचं व्याज, ४५ डॉलर आणि काही सेंट. दर २९.९९ टक्के. कॅश अ‍ॅडव्हान्स म्हणजे कार्डावर रोख रक्कम उचलणं, आणि मी एटीएममधून एक पैसाही काढला नव्हता. बँकेला फोन लावला. पलीकडच्या बाई शांतपणे म्हणाल्या, “तुमच्या करारात आहे ते.”

करार! कार्ड आलं तेव्हा पाकिटात बारीक अक्षरांचा घडी घातलेला कागद होता खरा. तो कधीच रद्दीत गेला. बँकेच्या साइटवर शोधायला लागले तर नव्या कार्डांच्या जाहिरातीच समोर येत होत्या. शोधता शोधता कन्झ्युमर फायनान्शियल प्रोटेक्शन ब्युरोच्या पानावर पोचले. ही अमेरिकी सरकारची ग्राहकांच्या आर्थिक हितासाठीची संस्था, सगळे तिला सीएफपीबी म्हणतात. तिथे कार्ड देणाऱ्या संस्थांची नावं ए पासून झेडपर्यंत लावलेली होती, आणि प्रत्येक नावाखाली कराराच्या पीडीएफ. लॉगिन नाही, फी नाही, कुणीही उघडावं.

हे आपोआप झालेलं नाही. २२ मे २००९ ला ओबामांनी सही केलेला कार्ड अ‍ॅक्ट म्हणून जो कायदा आहे, त्यातलं हे एक कलम. बँकेने जनतेला देऊ केलेल्या कार्डांचे करार स्वतःच्या साइटवर लावायचे आणि दर तिमाहीला सरकारकडेही जमा करायचे. सुरुवातीला हे काम फेडरल रिझर्व्हकडे, म्हणजे इथल्या मध्यवर्ती बँकेकडे होतं. जुलै २०११ मध्ये सीएफपीबी सुरू झाल्यावर त्यांच्याकडे आलं.

मी माझ्या कार्डाचा करार उघडला, कंट्रोल-एफ दाबून ‘कॅश’ शोधलं. व्याख्यांच्या पानावर कॅश अ‍ॅडव्हान्समध्ये काय काय धरतात ते सांगणारं एक वाक्य सापडलं. त्यात ट्रॅव्हलर्स चेक, परकीय चलन, लॉटरीची तिकिटं, कॅसिनोतल्या चिप्स आणि त्याच रांगेत ‘पर्सन टू पर्सन मनी ट्रान्सफर’. आईच्या ऑपरेशनचे पैसे त्या यादीत जुगाराच्या शेजारी बसले होते. आणि दरांच्या तक्त्यात लिहिलेलं: फी रकमेच्या ५ टक्के किंवा १० डॉलर, जे जास्त असेल ते, व्याज व्यवहाराच्या दिवसापासून. म्हणजे पूर्ण बिल वेळेवर भरणाऱ्याला खरेदीवर जी व्याजमाफीची मुदत मिळते ती यावर नाहीच.

मला वाटलं, हे मागाहून घुसवलं असणार. सीएफपीबीच्या पानावर जुन्या तिमाह्यांचे गठ्ठेसुद्धा उतरवून घेता येतात. मी एकेक करत २०१७ पर्यंत मागे गेले. वाक्य तेव्हाही होतं, शब्द न् शब्द तेच. बँक खोटं बोलत नव्हती. मी फी भरून टाकली.

पण त्या रात्री मी पहिल्यांदा माझ्या कार्डाचा करार सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचला, आणि मग नवऱ्याच्या दोन्ही कार्डांचे वाचले. नऊ वर्षं जे कार्ड वापरतोय ते नक्की काय आहे, हे मला जाहिरातीतून आणि मैत्रिणींकडूनच माहीत होतं. तुमच्यापैकी कुणी आपला करार वाचलाय का? काय सापडलं ते लिहा.

चिंचगूळ

बाप रे, लॉटरीच्या तिकिटाशेजारी. वाचनखूण साठवली. आई आता कशा आहेत?

ओवी

चिंचगूळ, आई उत्तम. जिने चढते. धन्यवाद विचारल्याबद्दल.

घाटमाथा

ओवीताई, फार चांगला विषय काढलात. मी या खिडकीच्या पलीकडे बसतो. ओहायोतल्या एका क्रेडिट युनियनमध्ये, म्हणजे साधारण आपल्या पतपेढीसारखी सभासदांची संस्था, तिथे नियमपालनाचं काम करतो. करार जमा करणं माझ्याच टेबलावर आहे, म्हणून आतून कसं चालतं ते लिहितो.

तारखा ठरलेल्या आहेत: ३१ जानेवारी, ३० एप्रिल, ३१ जुलै, ३१ ऑक्टोबर. सुट्टी आली तर त्यानंतरचा पहिला कामाचा दिवस. तिमाहीच्या शेवटच्या कामाच्या दिवशी ज्यांची चालू कार्डखाती १०,००० पेक्षा कमी, त्यांना जमा करण्यातून सूट. आम्ही काही वर्षं त्या रेषेच्या खाली होतो. एका तिमाहीत आकडा वर गेला आणि मॅनेजरने मला बोलावून नियमाचं पान हातात दिलं. रेग्युलेशन झेड, म्हणजे कर्जाच्या अटी उघड करण्याबद्दलची सरकारी नियमावली, कलम १०२६.५८. तेव्हापासून ते पान माझ्या ड्रॉवरमध्ये आहे.

नवीन करार असेल, जुन्यात बदल झाला असेल किंवा एखादं कार्ड देणं बंद केलं असेल, तर त्या मुदतीत कळवायचं. काहीच बदललं नसेल तर तोच कागद पुन्हा पाठवावा लागत नाही.

आता यातली मला सगळ्यात मोलाची वाटणारी गोष्ट. बँकांची सवय अशी असते की मूळ करार एक, मग त्यावर दुरुस्तीची पत्रं, मग त्या दुरुस्तीवर आणखी एक चिठ्ठी. ग्राहकाने सगळ्या चिकटवून अर्थ लावायचा. सरकारकडे जमा करताना हे चालत नाही. बदल मूळ मजकुरात मिसळून एकसंध करार द्यावा लागतो. दर आणि फी हवं तर एका वेगळ्या पुरवणीत, पण त्या पुरवणीत सगळे एकत्र. कुठल्याही ग्राहकाचं नाव, पत्ता, खातेक्रमांक त्यात येता कामा नये. पहिल्या वर्षी आमच्याकडे तीन दुरुस्तीपत्रं लोंबकळत होती. ती मूळ करारात ओवायला मी आणि एक सहकारी दोन आठवडे बसलो होतो, आणि ओवताना दोन कलमं एकमेकांच्या विरुद्ध निघाली. लेट फी कधीपासून लागते याबद्दल. आमच्या सभासदांच्या ते कधीच लक्षात आलं नव्हतं, आमच्याही नाही. ती चूक सभासदाच्या बाजूने दुरुस्त केली. जमा करायची सक्ती नसती तर ती तशीच राहिली असती.

आणखी एक. तुमचा दर तिथे शोधू नका. पीडीएफमध्ये बहुधा १८ ते २८ टक्के असा पट्टा दिलेला असतो, कारण प्रत्येकाचा दर त्याच्या पतगुणांप्रमाणे वेगळा. तुमचा नेमका आकडा तुमच्या बिलावर.

सह्यकडा

घाटमाथा, एक शंका. माझं कार्ड जुनं आहे, आता नवीन लोकांना ते देत नाहीत. यादीत सापडलं नाही.

घाटमाथा

सह्यकडा, बरोबर आहे, सापडणार नाही. जमा करायचे ते फक्त जनतेला सध्या देऊ केलेल्या कार्डांचे. पण तुमचं खातं चालू असेल तर तुमचा स्वतःचा करार मिळण्याचा हक्क त्याच नियमात वेगळा आहे. बँकेने तो साइटवर तुमच्या खात्यात ठेवायचा, नाहीतर तुम्ही मागितल्यावर ३० दिवसांच्या आत द्यायचा. फोन करा आणि फक्त एवढंच म्हणा, “माझा कार्डमेंबर अ‍ॅग्रीमेंट हवाय.” फोनवरचा माणूस दरांचा तक्ता पाठवतो म्हणाला तर तक्ता नको, पूर्ण करार हवा असं ठासून सांगा. ज्यांना जमा करण्यातून सूट आहे अशा छोट्या संस्थांनाही यातून सुटका नाही.

तिसरी_घंटा

विषय चांगला आहे, पण माझं मत वेगळं आहे आणि ते स्पष्ट लिहिते.

करार उघडे ठेवले म्हणून ग्राहकाचं काय भलं होतं? वाचतो कोण? सीएफपीबीनेच मार्च २०१५ मध्ये लवादाच्या कलमांवर मोठा अभ्यास प्रसिद्ध केला होता. लवादाचं कलम म्हणजे भांडण झालं तर कोर्टात जायचं नाही, खाजगी लवादापुढे जायचं. कार्डांवरच्या एकूण बाकी कर्जापैकी निम्म्याहून अधिक कर्ज असं कलम असलेल्या करारांखाली होतं. आणि ज्यांच्या करारात ते होतं त्यांच्यातल्या सात टक्क्यांहून कमी लोकांना माहीत होतं की त्यामुळे आपला कोर्टात जायचा हक्क गेलाय. करार तेव्हाही साइटवर होते की!

पुढे काय झालं तेही आठवा. त्या अभ्यासावरून ब्युरोने २०१७ मध्ये या कलमांना आळा घालणारा नियम केला, त्याच वर्षी काँग्रेसने, म्हणजे इथल्या संसदेने, तो रद्द ठरवला आणि १ नोव्हेंबरला ट्रम्प यांची त्यावर सही झाली. लेट फी ८ डॉलरवर आणायचा २०२४ चा नियमही एप्रिल २०२५ मध्ये टेक्सासच्या कोर्टाने रद्द केला. लोकांना कागद देऊन “वाचा आणि स्वतःला सांभाळा” म्हणणं म्हणजे सरकारने आपली जबाबदारी झटकणं आहे. मला दर आणि फीवर थेट मर्यादा हवी.

ओवी

तिसरी_घंटा, मर्यादा मलाही हवी. पण तुम्ही जो अभ्यास सांगताय तो होऊ शकला कशावर? शेकडो बँकांचे करार एका जागी जमा होते म्हणून कुठल्या करारात लवादाचं कलम आहे, कुठल्यात नाही, हे मोजता आलं. नाहीतर प्रत्येक बँकेच्या दारात जाऊन कागद मागत बसावं लागलं असतं, आणि बँकेने आज दाखवलेला कागद काल तसाच होता का, हे कुणाला सांगता आलं असतं?

मी २०१७ पर्यंत मागे जाऊ शकले याचं मला खरंच अप्रूप वाटतं. निकाल माझ्या विरुद्ध लागला, पण तो बँकेच्या शब्दावर लागला नाही. बँकेच्या हातात नसलेल्या कागदावर लागला.

सह्यकडा

याला जोडून. करारांखेरीज सरकार आणखी एक माहिती गोळा करतं, ती बऱ्याच जणांना माहीत नसते. तिला टर्म्स ऑफ क्रेडिट कार्ड प्लॅन्स सर्वेक्षण म्हणतात. मूळ १९८८ च्या कायद्यातलं. अर्जासोबत जो दरांचा चौकोनी तक्ता येतो, ज्याला सिनेटर शूमर यांच्या नावाने शूमर बॉक्स म्हणतात, तोही त्याच कायद्यातून आला. वर्षातून दोनदा किमान दीडशे संस्थांकडून दर आणि फी घेतात, त्यात सर्वांत मोठ्या २५ असतातच.

फेब्रुवारी २०२४ मध्ये ब्युरोने त्यावरून एक गोष्ट दाखवली. मोठ्या बँकांचे दर छोट्या बँका आणि क्रेडिट युनियनपेक्षा ८ ते १० टक्क्यांनी वर होते. ५,००० डॉलर बाकी ठेवणाऱ्या माणसाला वर्षाला ४०० ते ५०० डॉलरचा फरक. १५ संस्थांचं किमान एक कार्ड ३० टक्क्यांच्या वर.

ही माहिती वाचून मी बाकी असलेलं कार्ड घराजवळच्या क्रेडिट युनियनमध्ये हलवलं. विमानाचे पॉइंट गेले, पण आमच्या घरी तेव्हा एकच पगार होता आणि बाकी काही फिटत नव्हती. ज्याची बाकी दर महिन्याला शून्य होते त्याला दराने फरक पडत नाही. ज्याची होत नाही त्याला दुसऱ्या कशानेच पडत नाही.

ठाणेकर_आजोबा

मी ठाण्याचा, निवृत्त बँक अधिकारी. लेक न्यू जर्सीत असल्याने हा धागा उघडला. भारताबद्दल चार शब्द लिहू का?

आपल्याकडे रिझर्व्ह बँकेने २१ एप्रिल २०२२ ला क्रेडिट-डेबिट कार्डांबद्दल सविस्तर निर्देश काढले, १ जुलै २०२२ पासून लागू. अर्जासोबत एक पानी मुख्य माहितीपत्रक द्यायचं, महत्त्वाच्या अटी वेगळ्या काढून ग्राहकाला पाठवायच्या. कार्ड बंद करायची विनंती आल्यावर सात कामाच्या दिवसांत बंद करायचं, नाहीतर दिवसाला ५०० रुपये दंड ग्राहकाला, अर्थात बाकी शून्य असेल तर. न मागता कार्ड गळ्यात मारलं आणि बिल लावलं तर लावलेल्या रकमेच्या दुप्पट. हे चांगलं झालं.

अटी सोप्या भाषेत असाव्यात, शक्यतो इंग्रजी, हिंदी आणि स्थानिक भाषेत, हे वाक्य क्रेडिट कार्डांवरच्या परिपत्रकांत मी नोकरीत असल्यापासून वाचतोय. शाखेत असताना एका शिक्षकांनी मला त्यांचं बिल दाखवलं होतं. दर महिन्याला न चुकता ‘किमान देय रक्कम’ भरत होते, आणि मुद्दल जवळजवळ हललेलं नव्हतं. महिन्याला साडेतीन टक्के म्हणजे वर्षाला ४२. त्यांना वाटत होतं, किमान रक्कम म्हणजे हप्ता. हप्ता भरला की कर्ज फिटतं, हा त्यांचा आयुष्यभराचा अनुभव. अटींचा कागद त्यांच्याकडे होता, इंग्रजीत. त्यांना इंग्रजी येत होतं. पण ‘मिनिमम अमाउंट ड्यू’ या तीन शब्दांत ‘उरलेल्यावर व्याज, आणि नव्या खरेदीवरही पहिल्या दिवसापासून व्याज’ एवढं सगळं आहे हे कुठल्याच भाषेत कळण्यासारखं नव्हतं. मी कागदावर पेन्सिलीने सहा महिन्यांचा हिशोब मांडून दाखवला तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

व्याजावर मर्यादा हवी असं वर कुणी म्हणालं. आपल्या राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये ३० टक्क्यांच्या वरचं व्याज अनुचित ठरवलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने २० डिसेंबर २०२४ ला तो निर्णय रद्द केला. दर ठरवणं हे रिझर्व्ह बँकेच्या अखत्यारीतलं, आयोगाचं नाही, असं त्याचं म्हणणं.

आता करार. अटी प्रत्येक बँकेच्या साइटवर मिळतात, पण मी काल रात्री चार बँकांच्या पाहिल्या तर चार ठिकाणी चार तऱ्हा, आणि गेल्या वर्षीची प्रत एकाही पानावर दिसली नाही. जुनी प्रत कुणा तिसऱ्याकडे जपून ठेवलेली असणं, हे ओवीने लिहिलंय ते मला फार पटलं. रिझर्व्ह बँकेने असं भांडार उघडावं, आणि त्यात मराठीतली प्रतही असावी.

काजूबोंड

आजोबा, तुमची पोस्ट वडिलांना वाचून दाखवली. ते फोंड्याला असतात, गेली दोन वर्षं ‘किमान’च भरत होते. उद्या बँकेत जातोय आम्ही दोघे. जास्त काही लिहीत नाही.

ठाणेकर_आजोबा

काजूबोंड, पूर्ण बाकी एकदम भरणं जमत नसेल तर आधी कार्ड वापरणं थांबवा, आणि बँकेकडे बाकीचे मासिक हप्ते करून मागा. दर लेखी घ्या. बाबांना रागावू नका.

तिसरी_घंटा

आजोबा, तुमचा पेन्सिलीचा हिशोब वाचून मी थोडी थांबले. अमेरिकेत २००९ च्या कायद्याने बिलावरच तो हिशोब छापायला लावलाय: किमानच भरत राहिलात तर किती वर्षं लागतील, आणि तीन वर्षांत फेडायचं तर महिन्याला किती. मी म्हणते तसं बंधन हे. वाचकाने शोधत जायची गरज नाही, आकडा समोर येऊन बसतो. ओवी, जुन्या प्रतींचा तुमचा मुद्दा मान्य.

पण एक काळजी आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये सीएफपीबीच्या कर्मचाऱ्यांना काम थांबवायला सांगितलं गेलं तेव्हापासून तिथलं काहीही गृहीत धरू नये असं वाटतं. करार जमा करणं कायद्यात आहे, ते काँग्रेसशिवाय जाणार नाही. पण पान चालू ठेवणारी माणसंच नसतील तर?

घाटमाथा

रास्त काळजी. यापूर्वी एकदा खंड पडलेला आहे, कारण वेगळं होतं. एप्रिल २०१५ मध्ये ब्युरोने स्वतःच जमा करणं एक वर्षभर स्थगित केलं, नवी यंत्रणा बसवायला. चार तिमाह्या गेल्या. मग २ मे २०१६ पासून पुन्हा सुरू, आणि आता आम्ही ‘कलेक्ट’ नावाच्या साइटवर फाइल चढवतो. त्या वर्षातही बँकांनी करार आपापल्या साइटवर लावणं चालू ठेवायचं होतं. पण बँकेच्या साइटवर नवा करार आला की जुना जातो, आणि त्या चार तिमाह्यांची उणीव सलग मागे जाणाऱ्याला खटकतेच.

म्हणून माझा सल्ला साधा आहे. आज तुमच्या कार्डाची पीडीएफ उतरवून घ्या, नावात महिना-वर्ष घाला आणि स्वतःच्या फोल्डरमध्ये ठेवा. दर वर्षी एकदा.

अबोली

मी टेक्सासमध्ये शिकते, हा धागा वाचेपर्यंत करार नावाची वस्तू उघडलीही नव्हती. कार्ड विद्यापीठाच्या नावाचं आहे, आमचं बोधचिन्ह वगैरे असलेलं. ताई-दादा, यात काही वेगळं पाहायचं असतं का?

घाटमाथा

अबोली, विद्यापीठाने किंवा माजी विद्यार्थी संघाने बँकेशी केलेले करारही त्याच कायद्याने दर वर्षी ब्युरोकडे जातात, तेही तिथेच पाहता येतात. तुझ्या कॉलेजला त्यातून किती पैसे मिळाले हे त्यात असतं. आधी तुझ्या स्वतःच्या करारात लवादाचं पान शोध. बऱ्याच बँका खातं उघडल्यापासून ठरावीक दिवसांत टपालाने पत्र पाठवून ते कलम नाकारायची मुभा देतात. नाकारलं तरी कार्ड तसंच चालू राहतं. मुदत गेली की गेली.

अबोली

घाटमाथादादा, सापडलं. शेवटून तिसऱ्या पानावर. ६० दिवस, पत्र टपालानेच, ईमेल चालणार नाही, नाव-पत्ता-खातेक्रमांक आणि “मी लवादाची तरतूद नाकारते” असं स्पष्ट वाक्य. खातं उघडून आज ४१ वा दिवस.

ओवी

अबोली, आज रात्रीच लिही. सर्टिफाइड मेलने पाठव, पावती मिळते.

अबोली

ओवीताई, दुपारी पोस्टात जाऊन आले. पत्राचा फोटो काढला, कराराची पीडीएफ आणि हिरव्या पावतीचा फोटो एकाच फोल्डरमध्ये ठेवलाय. रूममेट पण आता तिचा करार काढून बसलीय, तिचे अजून बारा दिवस उरलेत.